टाके, लुंगी आणि म्हशीवरचा आळ

माझी सुंता झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. या वयात माणसं चष्म्याचा नंबर वाढवून घेतात, दाढा काढतात, फार तर अपेंडिक्स काढतात. मी हे काढून आलो.

मी सानगडीला राहतो आणि पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गावोगावच्या गोठ्यांत जाऊन गायी-म्हशींना टोचायचं, जखमा धुवायच्या, गोऱ्हे खच्ची करायचे, हे माझं काम. लोक तोंडावर ‘डॉक्टर साहेब’ म्हणतात आणि पाठीमागे ‘ढोरायचा डॉक्टर’. दोन्हीत चूक काही नाही.

मला साखरेचा आजार निघाला त्याला आता काही वर्षं झाली. गोळ्या सुरू होत्या, जिलेबी बंद होती, म्हणजे बायको घरी असेपर्यंत बंद होती. एका उन्हाळ्यात लघवीच्या जागी आग व्हायला लागली. पुढची कातडी आक्रसायला लागली, तिला बारीक बारीक चिरा पडायच्या, त्या भरायच्या आणि पुन्हा पडायच्या. प्रत्येक वेळी कातडी आणखी घट्ट. शेवटी शेवटी ती मागे सरकेचना. तंग गळ्याच्या बनियनमध्ये डोकं अडकावं तसं झालं होतं.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. कायले जाणार? मी स्वतः वीस-बावीस वर्षं औषधं हाताळलेला माणूस. पिशवीत गायीच्या फुटलेल्या सडांना लावायचं मलम होतं. त्यानं सड लोण्यासारखे मऊ होतात हे मी शेकडो गायींवर पाहिलेलं. तेच लावायला लागलो.

एके दिवशी बाथरूममध्ये ती ट्यूब बायकोच्या हाती लागली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. चुकीचं उत्तर तिला लांबूनच दिसतं.

“अजी, हे काय लावून राहिले तुम्ही?”

“मलम आहे.”

“याच्यावर गायीचं चित्र आहे.”

“गुण येतो त्यानं.”

“कोणाले? गायीले?”

तिनं दार लावलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, “दाखवा.” लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या शब्दानं मला चौथीच्या वर्गात उभं केलं. दाखवलं. तिनं बघितलं, ट्यूब कचऱ्यात टाकली आणि शनिवारची अर्धी रजा टाकून मला भंडाऱ्याला घेऊन गेली.

सर्जन माझ्याहून बराच लहान होता, गळ्यात स्टेथोस्कोप नसता तर कॉलेजातला वाटला असता. त्यानं तपासलं आणि सांगितलं, “फायमोसिस आहे. साखर असली की होतं. चिरा पडून पडून कातडीत व्रण तयार झालेत, आता ती मलमानं सैल होणार नाही. सुंता करावी लागेल.”

“सुंता?” माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेर बसलेला एक म्हातारा दारातून आत डोकावला. “म्हणजे ते धर्माचं...”

“धर्माचं काही नाही. कातडीचं आहे.”

तसा धर्माचा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. आमच्या आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली, त्यामुळे आमच्या घरात जे बदलायचं ते एकदाचं बदलून झालेलं होतं. माझी भीती वेगळी होती. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्यातले गोऱ्हे खच्ची केले त्याच्याच त्या भागात चाकू लागला, हे गावात कळलं तर मला पुन्हा कोणत्याही गोठ्यात ताठ मानेनं शिरता आलं नसतं.

“घरी कोणाले सांगायचं नाही,” मी बायकोला परतीच्या बसमध्ये म्हटलं.

“आईले तर सांगावं लागेल.”

“आईले तर मुळीच नाही.”

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. दर रविवारी विहारात जाते. तिला एखादी गोष्ट कळली की वंदना संपायच्या आत ती बाकीच्या बायकांनाही कळलेली असते, आणि यात तिचा वाईट हेतू काही नसतो. तिला फक्त बोलायला आवडतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी जवळच्या एका वस्तीवर लसीकरणाला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याची मुऱ्हा जातीची म्हैस, काळीभोर, शिंगं जिलेबीसारखी वळलेली. मी सुई टोचली तशी तिनं लाथ झाडली. लाथ माझ्या मांडीशेजारून गेली आणि पाण्याच्या बादलीला लागली. बादली उडून शेणाच्या ढिगावर जाऊन पडली. सगळे हसले, मीही हसलो. माझ्यासोबतच्या परिचरानं संध्याकाळी चौकात ही गोष्ट सांगितली आणि सांगताना बादली थोडी उंच उडवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको ‘भंडाऱ्याला काम आहे’ असं सांगून निघालो.

ऑपरेशन थिएटरात मला हिरवा झगा घातला, झोपवलं, छातीपाशी पडदा बांधला. सर्जननं त्या भागात सुन्न करायची सुई दिली. ती सुई टोचताना मला एकदम सगळे गोऱ्हे आठवले. डोळे मिटून पडलो होतो तेवढ्यात पडद्यापलीकडून बाईचा आवाज आला.

“सर, तुम्ही सानगडीचे ढोरायचे डॉक्टर ना?”

डोळे उघडले. नर्स मास्क लावून उभी होती, पण डोळे हसत होते. मी नाही म्हणावं की हो, याचा विचार करायला वेळच नव्हता. अशा अवस्थेत माणूस खोटं तरी काय बोलणार?

“हाव.”

“मी बांधाकडच्या पाटलाच्या घरची. तुम्ही आमच्या गोऱ्ह्याले खच्ची केलं होतं. मी लहान होती, मी त्याची दोरी धरली होती.”

“असं का,” मी म्हटलं. “कसा आहे गोऱ्हा?”

“चांगला बैल झाला होता. मग म्हातारा होऊन मेला.”

सर्जननं विचारलं, “तुम्ही भूल देता का त्यांना?”

“आता देतो.”

“तवा नव्हते देत,” नर्स म्हणाली. “चार माणसं धरत.”

मी पाय जरा आखडले असतील, कारण ती लगेच म्हणाली, “सर, हलू नका. आमचा गोऱ्हा बी एवढा हलला नव्हता.”

मला दुखलं नाही. फक्त कोणीतरी दूर कुठे तरी कापड कापतंय, शिवतंय असं जाणवत होतं. ते काम चालू असताना नर्सनं त्यांच्या सध्याच्या गायीबद्दल विचारलं. गाय व्यायल्यावर वार पडायला वेळ लागत होता. मी झोपल्या झोपल्या उपाय सांगितला. सर्जननंही ऐकून घेतला. शेवटचा टाका घातल्यावर त्यानं पट्टी गुंडाळली आणि बायकोला आत बोलावून दोघांना समोरासमोर सूचना दिल्या. टाके आपोआप विरघळतील, ओढायचे नाहीत. पट्टी दोन दिवसांनी कोमट पाण्यात भिजवून काढायची. रोज साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. वर व्हॅसलीन लावायचं म्हणजे कपड्याला चिकटणार नाही. डेटॉल, हळद, राख, काही काही लावायचं नाही. साखर ताब्यात ठेवायची, नाहीतर जखम भरणार नाही. आणि सूज कमी राहावी म्हणून काही दिवस चड्डीत त्याचं तोंड वर करून ठेवायचं.

“आणि दीड महिना संबंध ठेवायचा नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे जुंपायचं नाही,” नर्स हळूच म्हणाली. गोऱ्ह्याचं काम झाल्यावर हेच वाक्य मी तिच्या बापाला सांगितलं असणार. बायकोनं पदर तोंडाला लावला. ती खोकत होती असं तिचं म्हणणं आहे.

भंडाऱ्याहून घरी यायला बायकोनं साकोलीची एक गाडी सांगून ठेवली होती. महामार्गावर ठीक होतं. साकोलीहून सानगडीकडे वळल्यावर प्रत्येक गतिरोधकाशी माझी ओळख झाली. मी मागच्या सीटवर पाय फाकवून, दोन्ही हातांनी छताची कडी धरून बसलो होतो. ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, “साहेबाले मूळव्याध झाली काय?” बायको म्हणाली, “तू रस्त्याकडे पाह्य.”

घरी आलो. लुंगी नेसली. मी आयुष्यात कधी लुंगी न नेसलेला माणूस, पायजम्याच्या घरातला. आई सोप्यात धान निवडत बसली होती. तिनं मला दारातून आत येताना पाहिलं. दोन पाय एकमेकांना भेटू नयेत असा चालत होतो, जणू मधे अदृश्य बांध आहे.

“काय झालं बाबू?”

“काही नाही आई. थोडं लागलं.”

“कुठं लागलं?”

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे, माझ्या लुंगीकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

“त्या म्हशीनं मारलं ना तुले? चौकातली गोष्ट समजली मले. काल लपवलं तू.”

मी हो म्हटलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. पण नाहीही म्हटलं नाही. असं सुंदर, तयार उत्तर समोर आयतं चालून आलं होतं. मी आत जाऊन पलंगावर पडलो.

आईला एकदा कारण मिळालं की ती उपायाला लागते. अर्ध्या तासात ती वाटीत हळद-तेल गरम करून आली. तिच्यामागे बायको धावत आली.

“आई, हळद नाही लावायची म्हणते डॉक्टर.”

“कोणता डॉक्टर? मुक्या माराले हळद नाही त मग काय लावतात?” आईनं वाटी स्टुलावर ठेवली. “आणि वीट तापवाले ठेवली हाय चुलीवर. फडक्यात गुंडाळून शेक देतो. तुह्या बापाले बैलानं मारलं होतं तवा मी शेकूनच उभा केला होता.”

तापलेली वीट. मी उशी पोटाशी धरली. मला वाटतं त्या क्षणी माझ्या चेहऱ्याकडे बघून बायकोला दया आली, कारण ती म्हणाली, “आई, मी देते शेक. तुम्ही बसा.” मग तिनं वीट खोलीत आणली, दार लावलं आणि आम्ही दोघं त्या विटेकडे बघत बसलो. बाहेरून आई विचारत होती, “बरं वाटते काय?” आणि मी आतून म्हणत होतो, “हाव आई. लय बरं वाटते.” हा कार्यक्रम रोज सकाळ-संध्याकाळ चालला. थंडीचे दिवस होते, खोली मात्र छान गरम राहायची.

पट्टी काढायचा दिवस आला. मी बाथरूममध्ये कोमट पाण्याच्या बादलीशेजारी पाटावर बसलो. पट्टी भिजवत भिजवत, एकेक वेढा सोडवत शेवटी ती निघाली. बायकोचा टिकली लावायचा छोटा आरसा सोबत घेतला होता, कारण सूज इतकी होती की खालची बाजू मला वरून दिसतच नव्हती.

जे दिसलं ते माझं आहे हे मान्य करायला वेळ लागला. रंग पिकल्या जांभळाचा. कडेनं फुगलेला मफलर गुंडाळावा तशी सूज, आणि भोवती गोल काळे टाके, प्रत्येकाची टोकं बाहेर आलेली. सुरवंटाची अंगठी करून घातली तर असं दिसेल. दोन टाक्यांच्या मधे पिवळट खपली होती. पू! मी तिथूनच बायकोला हाक मारली, बायकोनं सर्जनला फोन लावला आणि फोन दाराच्या फटीतून आत दिला.

“पिवळं दिसते, डॉक्टर. पू झाला.”

“वास येतो का?”

“नाही.”

“ताप? लाली पोटाकडे पसरली आहे? ठणका वाढत चालला आहे?”

“नाही.”

“मग ती लस आहे, जखमेतून झिरपणारं पाणी, पू नाही. ओली जखम भरताना अशीच दिसते. तुम्ही जनावरांच्या जखमा बघत असाल की रोज.”

बघत होतो. अशी खपली एखाद्या गायीच्या खांद्यावर दिसली असती तर मी शेतकऱ्याला ‘काही नाही गा, भरून राहिली जखम’ म्हणून चहाला बसलो असतो. पण ती खपली गायीची नव्हती. पुढचे आठ-दहा दिवस मी त्या आरशात इतक्यांदा बघितलं की बायकोनं टिकली लावायला दुसरा आरसा आणला.

या काळात माझा एकच मित्र मला भेटायला यायचा. पहिलीपासून सोबत शिकलेला, आता बाजार चौकात त्याचं टेलरिंगचं दुकान. तो मुसलमान. मला वाटलं, या विषयात आपल्याला मार्गदर्शन करू शकेल असा सगळ्या सानगडीत हाच. दार लावून त्याला सगळं खरं सांगितलं.

तो आधी पाच मिनिटं नुसता हसला. डोळे पुसले. पुन्हा हसला.

“अबे, मग म्हैस?”

“म्हशीचं राहू दे. मले हे सांग, सूज किती दिवस राहते? व्रण कसा दिसतो पुढे? त्याले काय लावायचं?”

“मेरे को क्या मालूम बे? मी इतकासा होतो. मले नवीन शेरवानी घातली, हार घातला, कोणी तरी म्हणालं वर पाह्य सोन्याची चिमणी, मी वर पाह्यलं. बस. एवढंच आठवते. चिमणी काही दिसली नाही.”

“मग आता कसा दिसतो ते तरी सांग.”

“कधी नीट पाह्यलंच नाही. आपल्या नाकाकडे कोण पाहते?”

मी निराश झालो. पण शेवटी तो शिंपी होता. मी त्याला टाक्यांचं वर्णन करून सांगितलं तेव्हा त्याला आपोआप रस वाटायला लागला. टाके किती अंतरावर आहेत, गाठ वर आहे की आत, कड दुमडली आहे का.

“दाखवू काय?”

“नोको!” तो खुर्चीसकट मागे सरकला. “तू बोल. मी समजतो.”

मी सांगितलं की वरची कातडी काळसर आहे आणि टाक्यांच्या पुढची एकदम गुलाबी, दोन रंग स्पष्ट वेगळे दिसतात. त्यानं मान हलवली. “म्हणजे दोन ताग्यांचं कापड जोडलं. शेड मॅच होत नाही अशानं. पण वापरात आलं की फरक कमी होते.” मग जरा विचार करून म्हणाला, “जोड फुगला हाय म्हणतो ना, तो बी बसेल. नवीन शिलाई नेहमी फुगते. आपण इस्त्री करतो. पण तू करू नको.”

मी करणार नव्हतोच. घरात आधीच एक वीट होती.

रजेचे दिवस संपत आले होते. सूज उतरली होती. टाके विरघळून एक एक करून पाण्यासोबत जायला लागले होते. अशा एका सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली आणि तो म्हैसवाला शेतकरी आत आला. हातात दुधाची कॅन, दुसऱ्या हातात दह्याचं मडकं. आईनं त्याला पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. आई कोणाशी बोलत नाही म्हणजे ती फार रागावलेली असते.

तो माझ्यासमोर बसला. माझ्याच वयाचा, उन्हानं रापलेला, एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस. त्या दिवशी तो खाली बघत होता.

“साहेब, माफ करा. मले वाटलं लाथ बादलीलेच लागली, मले कालच समजलं. आमच्या म्हशीनं तुमाले... अशा जागी मारलं.”

“अरे, नाही गा, तसं काही...”

“नाही साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे. सारा गाव सांगून राहिला. लोक म्हणतात, साहेबाचं संसाराचं कामच गेलं.”

गावानं माझा संसार संपवून टाकला होता. आतल्या खोलीत बायको वह्या तपासत बसली होती, तिच्या पेनचा आवाज थांबला.

“मी म्हैस विकून टाकतो,” तो म्हणाला. “बाजारात नेतो. अशी मारकुटी म्हैस घरी ठेवायची नाही, आमच्या घरी लहान नातू हाय.”

त्या म्हशीला मी ओळखत होतो. तिची आई मी ओळखत होतो. त्या आईला गाभण करायची कृत्रिम रेतनाची सुई मीच भरली होती. ती वेळेवर दूध द्यायची, तिला लाळ्या-खुरकूत कधी झालं नव्हतं, आणि आयुष्यात तिनं एका बादलीशिवाय कोणाला लाथ लावली नव्हती. ‘मारकुटी’ म्हणून बाजारात उभी केली तर तिला कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती खाटकाकडे गेली नसती तरी कुठल्या तरी अडाण्याच्या गोठ्यात काठ्या खात मेली असती. आणि कशासाठी? माझ्या चार इंच कातडीसाठी. चार नाही, तेवढी नव्हती.

“म्हैस विकू नको,” मी म्हटलं.

“काहून?”

“तिनं मले नाही मारलं.”

“मग तुमाले झालं तरी काय?”

मी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि सांगून टाकलं. साखर, चिरा, घट्ट कातडी, गायीचं मलम, भंडारा, टाके. सगळं सांगितलं. हसेल म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघणंच टाळलं. तो हसला नाही. खुर्ची पुढे सरकवून त्यानं माझ्याहूनही हळू आवाजात विचारलं, “साहेब, तुमाले लघवी करताना ते पुढे फुग्यासारखं फुगत होतं काय?”

“हाव.”

“आणि मग धार तिरपी?”

“तिरपी. भिंतीवर.”

“माही बी तशीच गत हाय,” तो म्हणाला आणि एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे पाणावले. “दोन सालापासून. बायकोले सांगतलं नाही. मी काय लावतो सांगू? तुम्ही म्हशीच्या कासेले दिलं होतं ना, ते जांभळं औषध.”

आता मात्र मला हसू आवरेना. त्याला आधी राग आला, मग मी गायीच्या ट्यूबची गोष्ट पुन्हा नीट सांगितली तेव्हा तोही सुटला. दोन पिकलेले बाप्ये, एक लुंगीत, एक डोळे पुसत, छाती दुखेपर्यंत हसत होते. तेवढ्यात आतलं दार उघडलं. आई. ती किती वेळ दारामागे उभी होती कोणास ठाऊक.

“म्हणजे म्हशीनं नाही मारलं?”

“नाही आई.”

“मग तू दोन-दोन वेळा शेक कायले घेत होता?”

बायको आतून म्हणाली, “आई, त्यांनी नुसती वीट पाहिली.” आई शेतकऱ्याकडे वळून म्हणाली, “बस बाप्पा, चहा पिऊन जाय. मी त तुह्या म्हशीले इतके दिवस शिव्या देऊन राहिली होती.” आणि जाता जाता, अगदी सहज, भाजीबद्दल बोलावं तसं म्हणाली, “तुह्या बापाचं बी असंच होतं बाबू. त्यानं खोबरेल तेल लावून दिवस काढले. मले सांगतलं असतं त मी काय कोणाले सांगतली असती?”

पुढच्या रविवारी विहारातून परतलेल्या दोन काकूंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. दोघीही म्हशीबद्दल काही बोलल्या नाहीत.

शेतकऱ्याला मी स्वतः भंडाऱ्याला घेऊन गेलो. त्याची साखर आधी खाली आणावी लागली, मग ऑपरेशन झालं. त्याच्या घरी मी लुंगी कशी नेसायची, व्हॅसलीन किती लावायचं, खपलीला हात का लावायचा नाही हे सगळं बसून समजावलं, आणि त्याच्या बायकोसमोर समजावलं, कारण एकट्यानं बाथरूममध्ये आरसा घेऊन बसण्याचे हाल मला माहीत होते. गोठ्यातून म्हैस आमच्याकडे बघत होती. आमच्याबद्दल तिचं मत फारसं बरं दिसत नव्हतं.

दीड महिन्यानंतर सर्जननं मला पुन्हा तपासलं. माझ्या मनात तेव्हा नवीन काळजी होती. खालच्या बाजूला, शिवणीला जिथं सगळं येऊन मिळतं, तिथं एक टणक गाठ लागत होती, आणि दोन-तीन ठिकाणी टाक्यांची बारीक छिद्रं राहिली होती. त्यानं सांगितलं की गाठ म्हणजे व्रणच आहे, आत अजून मऊ व्हायचा आहे. आता जखम पूर्ण बंद झाली, तर रोज आंघोळीनंतर थोडं तेल लावून बोटानं हलका मसाज करायचा. वर्षभरात रेघ बारीक होईल. छिद्रं बहुतेक भरतील, एखाद राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

झालंही तसंच. आता तिथं एक फिकट तपकिरी रेघ आहे, एका बाजूला जरा जाड, दुसऱ्या बाजूला शोधावी लागते. दोन रंग आहेतच, ते राहणार. कपडा घासण्याचा त्रास सुरुवातीला फार व्हायचा, चालताना चड्डीची शिवण लागली तरी दात आवळावे लागायचे, ते महिना-दोन महिन्यांत गेलं. चिरा गेल्या, आग गेली. धार सरळ आहे. टेलर मित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो मशीन थांबवून म्हणाला, “मग गिऱ्हाईक खूश?” मी सांगितलं, खूश. माझ्या बायकोचं मत त्यानं विचारलं नाही, तेवढी अदब त्याला आहे.

गावात मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला. आठवड्यातून एखादा तरी माणूस आमच्या गुरांच्या दवाखान्यात येतो, सोबत जनावर असतं. परवा बाजूच्या गावचा एक गृहस्थ शेळी घेऊन आला. मी शेळीचं तापमान पाहिलं, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं.

“काय होते तिले?”

“चारा खात नाही.”

शेळी त्या वेळी माझ्या टेबलावरचा कापूस खात होती. परिचरानं तो तिच्या तोंडातून ओढून काढला. मी परिचराला चहा सांगायला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि त्या माणसाला खुर्ची दिली.

“शेळीले काही नाही झालं,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा. साखर आहे काय?”

त्यानं दाराकडे पाहिलं, शेळीची दोरी हाताला गुंडाळली आणि हळूच म्हणाला, “हाव.”